फोटो बघूनच काढता येतं, मग मी बीएफएला जाऊ का?

बारावीची मुलं माझ्याकडे करिअरचं विचारायला यायला लागली की हा प्रश्न ठरलेला असतो. कधी रात्री अकराला मेसेजवर येतो, कधी समोर खुर्चीत बसून खाली मान घालून. "मॅडम, सगळे म्हणतात माझं ड्रॉइंग भारी आहे, पण खरं सांगू का, मला फोटो समोर लागतो, मनानं काहीच काढता येत नाही, मग मी फाइन आर्टला, म्हणजे बीएफएला, अप्लाय करावं का?" हे "खरं सांगू का" मी नेहमी नीट ऐकते, कारण मूल ते चोरी कबूल केल्यासारखं म्हणतं.

यावर उत्तर देण्यापेक्षा एका मुलीची गोष्ट सांगते. तिला इथं मीनू म्हणू. नाव, घरचे तपशील बदललेत आणि तिला विचारूनच लिहितेय.

मीनू आली तेव्हा आमच्या नागपूरची मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, होऊन गेली होती, गणपती विसर्जनही झालं होतं, म्हणजे सप्टेंबरचा शेवट. मानेवाड्याकडून आईबाबा दोघंही सोबत आलेले. बारावी सायन्स, मार्क बरे, आणि हिनं जुलैमध्येच घरी सांगून टाकलेलं की मी मेडिकलची नीट परीक्षा देणार नाही, मला बीएफए करायचंय. बाबांनी बसल्या बसल्या सुरुवात केली, "मॅडम, पोट्टी हुशार आहे, पण दिवसभर हेच करून राहिली. दहावीले इंटरमिजिएटचे सात मार्क मिळाले ना, तेवढं चित्रकलेचं झालं, अजून किती?" (इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेत ए ग्रेड असली की दहावीत सात मार्क वाढीव मिळतात, ते सात.) मग तासभर आमचं कमाईवरच झालं. मीही नेहमीचं सगळं सांगितलं, की उपयोजित कला म्हणजे अप्लाइड आर्ट घेतलं तर जाहिरात, पुस्तकं, पॅकेजिंग, ॲनिमेशन अशी कामं असतात, शाळेत चित्रकला शिकवायची तर एटीडीचा वेगळा डिप्लोमा आहे, आणि नुसत्या पेंटिंगवर घर चालवायला बरीच वर्षं जातात हेही लपवलं नाही. बीएफए आणि बीडेस (डिझाइनची पदवी) यातला गोंधळही काढला. घरोघरी दोन्हीला "डिझाइनचं" म्हणतात, पण बीडेससाठीच्या यूसीड, एनआयडी या प्रवेश परीक्षांचे फॉर्म दिवाळीच्या आगेमागेच भरावे लागतात आणि महाराष्ट्रातल्या बीएफएची प्रवेश परीक्षा म्हणजे सीईटी वेगळी, ती राज्याचं सीईटी सेल घेतं, बडोद्याला जायचं तर त्यांची ॲप्टिट्यूड टेस्ट आणखी वेगळी. कुणाच्या सांगण्यावर न जाता तारखा त्या त्या वेबसाइटवरच बघायच्या, कारण दरवर्षी सरकतात.

या सगळ्यात मीनू गप्प. शेवटी तिनं मोबाइलवर चित्रं दाखवली. पेन्सिल पोर्ट्रेट, नटनट्या, क्रिकेटर, एक आजोबांचं. केसन् केस, डोळ्यातली चमक, सगळं जिथल्या तिथं. मी खरंच थक्क झाले, आणि त्याच भरात माझ्याकडून चूक झाली. टेबलावर पाण्याचा स्टीलचा गिलास होता, मी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि म्हटलं, "हा काढ ना जरा, बघू."

बाबा बघताहेत, आई बघतेय. तिनं तीनदा रेघ मारली, तीनदा खोडली, गिलासाचं तोंड वाकडं झालं, बूड सरळ पट्टीसारखं आलं, आणि ती रडायला लागली. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिनं पाहिलं. पुढच्या वेळी आई एकटीच आली, म्हणाली नऊ दिवस झाले, पोरीनं पेन्सिल हातात घेतली नाही. आईबाबांसमोर परीक्षा घ्यायला नको होती मी. तेव्हापासून मुलाला काही करून बघायला सांगायचं असेल तर आईबाबांना बाहेर बसवते, आणि मीनूची माफी पण मागितली.

माझी एक मैत्रीण चित्रकला शिकवते, मीनूला विचारून तिला ती पोर्ट्रेट आणि तो वाकडा गिलास दोन्ही दाखवलं. ती म्हणाली, नजर बारीक आहे मुलीची, पण आजवर तिनं फक्त सपाटच बघितलंय. मग तिनं जे समजावलं ते मी आता प्रत्येकाला सांगते. फोटो म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं असतं. कुठून बघायचं, किती घ्यायचं, उजेड कुठला, आणि मुख्य म्हणजे खोली असलेली वस्तू सपाट कशी करायची, हे सगळं कॅमेऱ्यानं ठरवून टाकलंय. त्यावर ग्रिड, म्हणजे चौकोनांची जाळी, मारला की तुम्ही चेहरा काढतच नाही, चौकोन काढता. हातावर ताबा येतो त्यानं, तो खोटा नसतो. पण समोर गिलास ठेवला की सपाट करायचं काम तुमच्या डोळ्याला करायचं असतं, आणि ते मीनूला कुणी शिकवलंच नव्हतं. एक डोळा मिटायचा, हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर धरायची, गिलासाची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते मोजायचं. गिलास नजरेच्या खाली असेल तर तोंडाचा गोल चपटा दिसतो आणि बुडाचा गोल त्याहून जास्त उघडा दिसतो, कारण तो नजरेच्या पातळीपासून आणखी खाली आहे. तिनं बुडाला पट्टी मारली कारण तिला माहीत होतं की गिलास टेबलावर सपाट ठेवलेला असतो, म्हणजे माहीत असलेलं काढलं, दिसलेलं नाही.

हे मीनूला सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली. "म्हणजे मला येत नाही असं नाही, मी ते केलंच नाही?" हो, तेवढंच.

ऑक्टोबरपासून आम्ही एक साधी गोष्ट ठरवली. रोज पाच पाच मिनिटांची चार चित्रं, घरातली भांडी, चपला, मिक्सर, दाराला लटकवलेली पिशवी, आणि ती कुणालाच दाखवायची नाहीत, मलाही नाही, आठवडा संपला की हवी तर फाडून टाकायची. आठवीपासून या मुलीचं प्रत्येक चित्र कुणीतरी बघून वा वा केलेलं, त्यामुळे वाईट चित्र काढायची सोयच राहिली नव्हती तिला, आणि ज्याला वाईट काढता येत नाही तो नवीन काही शिकायला हातच घालत नाही. आईला सांगितलं की छान म्हणू नका, विचारायचंच तर "हे कुठं बसून काढलंस" एवढं विचारा. आईला ते फार जड गेलं. शिवाय एका पोर्ट्रेटला तिला पंधरा-अठरा तास लागायचे आणि पेपरात सगळं तास-दीड तासात उरकायचं असतं, म्हणून घड्याळाची सवय याच पाच मिनिटांपासून लावली.

सीईटीत वस्तुचित्र असतं, डिझाइन असतं, जनरल नॉलेज असतं, पण मुलं सगळ्यात घाबरतात ते मेमरी ड्रॉइंगला, "मनानं काढायचं" म्हणून. मीनूला मी विचारलं, मारबत किती वेळा बघितली? म्हणे लहानपणापासून दरवर्षी, मामा इतवारीत राहतात. मग सांग, पिवळ्या मारबतीचे हात कसे असतात, पुढची माणसं तिला ओढतात तेव्हा पाठ किती वाकते, लहान पोरं कुठं असतात, खांद्यावर की गच्चीवर? तिला सांगता येईना. त्या पेपराचं नाव मेमरी आहे, कल्पना नाही, आणि आठवण भरून ठेवली नसेल तर ऐनवेळी निघणार कुठून. त्यात माणसं लागतात, बाजार, बसस्टॉप, मिरवणूक असले विषय, आणि हिनं आयुष्यात मानेखालचा माणूस काढलाच नव्हता!

तिला मी चितारओळीत, मूर्तिकारांच्या वस्तीत, पाठवलं. नवरात्र तोंडावर होतं, देवीच्या मूर्ती अर्ध्या झालेल्या, कुठं नुसता तणसाचा सांगाडा, कुठं मातीचा पहिला हात, डोकं अजून बसवलेलंच नाही. माझ्या डोक्यात हेच होतं की तिथं चेहरे नसतील, म्हणजे तिला आधार घ्यायला काही सापडणार नाही. तीन संध्याकाळ गेली ती. एका म्हाताऱ्या मूर्तिकारानं तिच्या वहीत डोकावून सांगितलं म्हणे, "बाई, आधी पायावर उभी कर तिले, मंग बाकीचं." हे वाक्य तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. नंतर कॉटन मार्केट, मेट्रो, कॉलेजची कॅन्टीन, तर्री पोह्याची गाडी. दहा मिनिटं नुसतं बघायचं, वही बंद, आणि घरी येऊन आठवून काढायचं, दुसऱ्या दिवशी परत तिथंच जाऊन काय चुकलं ते बघायचं. हे दुसऱ्यांदा जाणं कुणी करत नाही आणि सगळा फायदा त्यातच आहे.

बाबांचं मन एकदम वळलं असं काही नाही. पण जनरल नॉलेजची तयारी मी मुद्दाम त्यांना घ्यायला लावली, रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास. त्यात त्यांना कळलं की चित्रकार रझा 1939 ते 43 नागपूरच्याच कला शाळेत शिकून मग मुंबईच्या जेजे कला शाळेत गेले, चित्रकार गायतोंडे जन्मले नागपुरात, 1924 साली, आणि चित्रकार बी. प्रभा उमरेडकडच्या बेल्याच्या, त्याही आधी नागपुरात शिकल्या आणि मग जेजेला. बेला ऐकल्यावर बाबा म्हणाले, "अरे, आमची आत्या बेल्याले दिली होती!" पुढच्या भेटीत पुन्हा पैशाचाच विषय काढला त्यांनी, पण आता प्रश्न वेगळे होते, चार वर्षांचा कागद-रंगाचा खर्च किती, हॉस्टेल लागेल का, फॉर्ममध्ये अप्लाइड पहिलं भरायचं की पेंटिंग. यावर बापलेकीचं भांडण झालं, मी मध्ये पडले नाही, दोघांनी मिळून अप्लाइड पहिल्या नंबरवर टाकलं.

डिसेंबरात बोर्डाच्या अभ्यासामुळे वही महिनाभर बंद पडली, तेही मी चालू दिलं. बारावी कुठल्याही शाखेची चालते हे खरं, पण पास तर व्हावं लागतं, आणि सायन्सचं बारावी सांभाळून रोज तीन तास क्लास करा असं सांगणं मला पटत नाही. परीक्षा झाल्यावर दोन महिने मात्र तिनं घड्याळ लावून पेपर सोडवले, माझ्या मैत्रिणीकडे आठवड्यातून दोनदा जाऊन. बादली, झाडू, वांगी, घडी पडलेला कपडा. कपड्यानं तिला फार रडवलं.

ॲडमिशन नागपुरातच झाली. ग्रिडचे पोर्ट्रेट तिनं सोडले नाहीत, सोड म्हणून मी सांगितलंही नव्हतं, वाढदिवसाच्या ऑर्डर घेते आणि त्या पैशातून कागद-रंग येतात. मागच्या महिन्यात एका नातवानं आजीचा फोटो पाठवला, आजी राहतात इथंच नंदनवनात, तर ही फोटो मोबाइलमध्येच ठेवून वही घेऊन त्यांच्या घरी जाऊन बसली. दोन तास. आजी मधेच झोपून गेल्या, आणि हिनं झोपलेल्याच काढल्या.