बायबलमध्ये ‘डोळे असून आंधळे’ म्हणजे नेमकं कोण?

योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) ९ वा अध्याय वाचा. येशू थुंकीने चिखल कालवून जन्मांधाच्या डोळ्यांना लावतो, शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. दृष्टी लगेच येते, ओळख मात्र हळूहळू पटते: आधी ‘येशू नावाचा माणूस’, मग ‘संदेष्टा’, शेवटी ‘प्रभू’. शास्त्र कोळून प्यायलेले परूशी (नियम काटेकोर पाळणारे यहुदी धर्मपंथीय) मात्र आम्हाला दिसतंय म्हणत तसेच राहतात. आंधळे ते.

मला स्वतःला मार्कच्या शुभवर्तमानाच्या ८ व्या अध्यायातला बेथसैदा गावचा आंधळा माणूस जास्त जवळचा. येशूने पहिल्यांदा हात ठेवल्यावर त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात! (थंडीत पहाटे गोदाकाठच्या धुक्यात आम्हा नाशिककरांना दिसतात, अगदी तशी.) येशूला पुन्हा हात ठेवावा लागतो. पुढच्याच प्रसंगात येशूचा शिष्य पेत्र येशूला ख्रिस्त (देवाचा अभिषिक्त) म्हणतो आणि येशूने आपल्या दुःखसहनाचं सांगताच त्यालाच दटावतो. अर्धवटच दिसत होतं त्याला.