फोटोत फक्त कोपर

"मॅडम, त्या फोटोचं मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं, याचंच त्याहून जास्त वाईट वाटतंय."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या ताईंनी खुर्चीत बसल्या बसल्या पर्समधून मोबाईल काढला. (नाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत, आणि त्यांना विचारूनच लिहितेय. मी त्यांना ताईच म्हणायचे.) फोटो त्यांच्या क्लबच्या नेत्रतपासणी शिबिराचा होता. मागे बॅनर, पुढे अध्यक्ष, सचिव, खजिनदार, प्रमुख पाहुणे, डॉक्टर मंडळी. ताईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि उजव्या कडेला सरकवला. तिथे एक कोपर होतं, घड्याळाचा पट्टा होता आणि केसपेपरचा गठ्ठा.

"ही मी."

खाली बुलेटिनमधली बातमी. 'शिबिर यशस्वी करण्यासाठी पुढील सदस्यांनी परिश्रम घेतले' आणि मग अकरा नावं. ताईंना ती क्रमाने पाठ झाली होती. त्यातले तिघं त्या दिवशी शिबिराकडे फिरकलेही नव्हते, असं त्यांचं म्हणणं.

घरी यजमानांना दाखवलं तर ते म्हणाले, "तू सेवा करायला गेली होतीस की फोटो काढून घ्यायला?" ताई गप्प बसल्या, पण रात्रभर जाग्या. "त्यांचं खरंच आहे ना? तोंडाने निष्काम सेवा म्हणायचं आणि नाव नाही आलं की रडत बसायचं. मग मी केलं ते ढोंगच की."

सेवाभावी क्लबांत, मंडळांत, संस्थांत काम करणाऱ्या किती जणांकडून मी हा प्रश्न ऐकलाय. कोणी निवृत्त अधिकारी असतो, कोणी प्रमाणपत्रासाठी आलेला कॉलेजचा मुलगा, जो नंतर त्याच कामात रमतो आणि मग प्रमाणपत्र मागायला लाजतो. शब्द वेगळे असतात, पण बोच एकच: कौतुक हवंसं वाटतं म्हणजे माझी सेवा खोटी का?

पहिल्या भेटीत मी घाई केली. सचिवांशी बोला, पुढच्या अंकात दुरुस्ती छापायला सांगा, मनात ठेवू नका, वगैरे. ताईंनी मान डोलावली आणि तीन आठवडे आल्या नाहीत. चूक माझीच. 'मी काय करू' असं त्यांनी विचारलंच नव्हतं. 'मी कशी बाई आहे' असं विचारलं होतं, आणि मी त्यांना फोन कुणाला करायचा ते सांगत बसले होते.

चौथ्या आठवड्यात आल्या तेव्हा मी सल्ल्याच्या वाटेलाच गेले नाही. म्हटलं, "शिबिराचा दिवस सकाळपासून सांगा."

सकाळी सातला त्यांनी नोंदणीचं टेबल लावलं. नाव, वय, कोणत्या डोळ्याची तक्रार, साखर आहे का, रक्तदाब आहे का, सोबत कोण आलंय. एका केसपेपरला दोन मिनिटं धरली होती, पण ज्यांना ऐकूही कमी येतं त्यांना पाच लागायची, आणि रांग वाढली की मागून आवाज चढायचा. दुपारी कुणीतरी त्यांना थेंबांच्या खोलीत पाठवलं. बाहुल्या मोठ्या करायला थेंब घालतात, त्यानंतर अर्धा तास डोळे मिटून बसायचं, डॉक्टर आतून तपासणार. पुढे काही तास जवळचं धड दिसत नाही, उजेड सहन होत नाही. हे लोकांना आधी कुणी सांगितलेलंच नव्हतं. एक म्हातारी थेंबांनंतर घाबरली. तिला वाटलं, होती तेवढीही नजर गेली. तिने ताईंचं मनगट जे धरलं ते सोडेना. ताई तिच्याशेजारी बाकावर बसून राहिल्या, तास-सव्वातास. मधेच तिने विचारलं, "तू डॉक्टर का गं?" ताई म्हणाल्या, "नाही आजी, मी नुसती बसलेय." त्यावर ती म्हणाली, "मग बस."

हे सांगताना ताईंचा आवाज बदलला होता. फोटो कधी निघाला, तेव्हा अंगावर कोणती साडी होती, यातलं काही त्यांना आठवत नव्हतं. 'मग बस' मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

मग मी सहा चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. गिल क्लॅरी, मार्क स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये स्वयंसेवेमागच्या हेतूंची जी सहा भागांत मांडणी केली, ती मी माझ्या भाषेत लिहून ठेवलीय. दुसऱ्यांविषयी कळकळ. नवीन काही शिकणं. माणसांत मिसळणं. पुढच्या नोकरी-व्यवसायाला उपयोग. स्वतःचं दुःख किंवा एकटेपण विसरणं. आपण कामाचे आहोत असं वाटणं. त्यांना असं दिसलं की बहुतेक माणसं एकापेक्षा जास्त कारणांनी येतात, आणि ज्या कारणाने आलो त्याला जुळणारं काम मिळालं तर समाधानही जास्त मिळतं आणि माणूस टिकतोही.

ताईंनी पहिली चिठ्ठी लगेच उचलली. शेवटच्या दोन उलट्या करून टेबलाच्या कडेला सरकवल्या. थोड्या वेळाने त्यातली एक परत घेतली. एकटेपणाची. धाकटाही शिकायला बाहेर गेला त्याला दोन वर्षं झाली होती. "दुपारी दोन ते पाच घरात घड्याळ ऐकू येतं," म्हणाल्या. "पण हे काही सेवेचं कारण झालं का?"

तेव्हा मी त्यांना रोटरीची गोष्ट सांगितली. सेवाभावी क्लब म्हटलं की बहुतेकांना वाटतं, कुणा थोर माणसाला जगाची दया आली आणि त्याने क्लब काढला. झालं होतं वेगळंच. पॉल हॅरिस हा वकील लहान गावात वाढलेला, शिकागोसारख्या मोठ्या शहरात एकटा पडलेला. आपल्यासारख्या व्यावसायिकांशी मैत्री व्हावी म्हणून २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तो तिघांना घेऊन बसला. बैठक आळीपाळीने, इंग्रजीत 'रोटेशन'ने, एकेकाच्या कचेरीत, म्हणून नाव रोटरी. एकमेकांच्या धंद्याला हातभार लागावा हाही हिशेब त्यात होताच. शहरासाठी पहिलं काम त्यांनी हाती घेतलं ते दोनेक वर्षांनी, आणि तेही काय, तर सार्वजनिक स्वच्छतागृहाचं. याच संघटनेने पुढे १९८५मध्ये जगातून पोलिओ हटवण्याचा विडा उचलला. लायन्सचंही तसंच. मेल्विन जोन्स विमा व्यावसायिक, शिकागोतल्या एका व्यापारी मंडळाचा माणूस. नुसत्या धंद्यासाठी का भेटायचं, असं त्याला वाटलं आणि १९१७मध्ये लायन्स उभं राहिलं. अंधांसाठी काम करा असं आवाहन स्वतः अंध आणि बधिर असलेल्या लेखिका हेलन केलर यांनी लायन्सना १९२५च्या अधिवेशनात केलं. म्हणजे नेत्रशिबिरांशी त्यांचं नाव इतकं जोडलं गेलं ते नंतर.

"म्हणजे तो हॅरिसही दुपारी घड्याळ ऐकत होता," ताई म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

आणखी एक गोष्ट मी जरा जाणूनबुजून सांगितली. रोटरीचं सभासदत्व बायकांना जगभर अधिकृतपणे खुलं झालं ते १९८९मध्ये, आणि त्याआधी १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. तोवर काम करणाऱ्या बायका नव्हत्या असं थोडंच आहे? रोटेरियन नवऱ्यांच्या बायकांनी १९२४मध्ये मँचेस्टरला इनर व्हील हा स्वतःचा वेगळा क्लब काढला होता. राबणाऱ्या बायका फोटोच्या कडेला, हा प्रकार जुनाच आहे.

यावर ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग जे म्हणाल्या त्याची मला कल्पना नव्हती. सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. कूस बदलणं, औषधांच्या वेळा, रात्रीची हाक, सगळं ताईंकडे. सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक माणूस यजमानांच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होता, "फार सेवा केलीस रे आईची." ताई तिथेच दारात उभ्या होत्या. यजमानांनी एकालाही दुरुस्त केलं नाही.

"सेवाच म्हणाले हो मॅडम. हाच शब्द."

म्हणजे बुलेटिनच्या नावाने निघालेलं रडू खरं तर घरच्या जुन्या पत्त्यावरचं होतं. समुपदेशनात असं पुष्कळदा होतं. आजचा प्रसंग बोटभर आणि दुःख हातभर असलं की मी मागची तारीख शोधते. पुढच्या दोन भेटी त्या नऊ वर्षांवरच गेल्या, त्या इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्यांनी यजमानांना हे एकदा स्पष्ट सांगितलं. यजमानांनी माफी वगैरे मागितली नाही. "मला सुचलंच नाही तेव्हा," म्हणाले. ताईंना तेवढ्यानेही बरंच हलकं वाटलं. मला वाटलं नसतं, पण संसार त्यांचा आहे.

राहिला मूळ प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे. केलेलं काम कुणीतरी पाहावं, ही भूक माणसाची आहे, तिची लाज कशाला? लहान मूलसुद्धा मनोरा रचला की आधी मागे वळून बघतं. ही भूक काम निवडायला लागली की मात्र बिघडतं. कॅमेरा आहे तिथेच उभं राहायचं, नाहीतर मदत घेणाऱ्याला पिशवी छातीशी धरून कॅमेऱ्याकडे बघायला लावायचं. ते मात्र मला मनापासून आवडत नाही, आणि हे मी क्लबवाल्यांना तोंडावर सांगते.

ताईंना मी विचारलं, "येत्या रविवारी काय काय केलंत हे कुणालाच, अगदी यजमानांनाही कळणार नाही असं ठरलं, तर यातलं काय कराल?" त्यांनी वहीत यादी केली आणि स्वतःच फुल्या मारल्या. थेंबांच्या खोलीत बसणं राहिलं. नोंदणी राहिली, "पण दोन तास, दिवसभर नाही." बॅनर बांधून घेणं, पाकिटांवर पत्ते लिहिणं, पाहुण्यांचं स्वागत, प्रत्येक मीटिंगचा वृत्तान्त, या सगळ्यावर फुली. या गोष्टी त्या का करत होत्या? 'नाही' म्हटलं तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत म्हणून. आठवड्यातले चार दिवस त्यात जात होते. अमेरिकेतल्या ज्येष्ठ स्वयंसेवकांवरच्या अभ्यासांत असं दिसलंय की मनाला होणारा फायदा वर्षाला साधारण १०० तासांच्या कामापर्यंत मिळतो, त्यापुढे तास वाढवले म्हणून तो वाढत जात नाही. १०० तास म्हणजे आठवड्याला दोन. हा आकडा ऐकून ताईंचा चेहरा सुट्टी मिळाल्यासारखा झाला.

सचिवांना फोन त्यांनी केला, पण सातव्या भेटीनंतर आणि स्वतःहून. तक्रार न करता नुसतं विचारलं, ही यादी कशी बनते? उत्तर फारच साधं निघालं. शिबिराआधी महिनाभर जी समिती जाहीर झाली, तिचीच नावं छापली होती. प्रत्यक्ष कोण आलं ते कुणी टिपलंच नव्हतं. डाव वगैरे काही नव्हता, आळस होता. अशा क्लबांत दरवर्षी पदाधिकारी बदलतात, मावळते अध्यक्ष हार घालून बाजूला होतात, आणि कुणी किती केलं ही आठवण त्यांच्याबरोबरच जाते. कागदावर नसेल ते नव्या मंडळींना कळणार कसं? ताईंनी सुचवलं की नोंदणीच्या टेबलावर एक वही स्वयंसेवकांसाठीही ठेवावी: आलेली वेळ, गेलेली वेळ, काम. आणि थेंबांच्या खोलीची जबाबदारी मागून घेतली. थेंबांनंतर काय होतं ते आधीच मोठ्याने सांगायचं आणि घाबरलेल्यांजवळ बसायला दोन माणसं ठेवायची, एवढीच त्यांची अट.

पुढच्या शिबिराच्या बातमीत त्यांचं नाव आलं. आडनाव चुकलं होतं.

मला वाटलं, पुन्हा रात्रभर जागरण. पण त्यांनी त्याच संध्याकाळी सचिवांना फोन करून अक्षर अन् अक्षर सांगितलं, आणि पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती आली. शेवटच्या भेटीत त्यांनी ते कात्रण टेबलावर ठेवलं. जेमतेम बोटभर रुंद, कडा कात्रीने नीट कापलेल्या.

"हसू नका हं मॅडम," म्हणाल्या, आणि घडी न घालता पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.