ठाण्यातल्या मुलाला सिट-स्कीइंगमध्ये करिअर करता येईल का?

तुमचा भाचा 17 वर्षांचा, घोडबंदर रोडला राहतो, कमरेखाली संवेदना नाही, आणि हिवाळी पॅरालिम्पिकचे व्हिडिओ पाहून त्याने सिट-स्कीइंगचा, म्हणजे सीटवर बसून बर्फावर स्की करण्याचा, ध्यास घेतलाय. त्याला अडवावं का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात अडवू नका. मी ठाण्यातच ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मणक्याला इजा झालेल्यांना व्हीलचेअर नीट बसवून देणं हे माझं रोजचं काम, म्हणून त्या अंगाने सांगते.

बर्फ नाही म्हणून थांबू नका, आधी रेसिंग व्हीलचेअर सुरू करा. जपानची मोमोका मुराओका हे माझं आवडतं उदाहरण. लहानपणापासून व्हीलचेअरवर. 2018 ला प्योंगचांगच्या हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये स्कीइंगच्या पाच शर्यतींत पाच पदकं जिंकली आणि मग चक्क ट्रॅकवर उतरली. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये 100 मीटरला सहावी आली, आणि त्यानंतर सहाएक महिन्यांत बीजिंगला स्कीइंगची तीन सुवर्णं! खांदे, दंड, श्वास, सुरुवातीचा झटका हे दोन्हीकडे लागतंच, आणि ते ठाण्यात राहूनही कमावता येतं.

आता खुद्द यंत्राबद्दल, म्हणजे मोनोस्कीबद्दल. एकच स्की, त्यावर मोटरसायकलला असतो तसा शॉक अॅब्सॉर्बर, वर साच्यात घडवलेली खोलगट सीट. दोन्ही हातांत छोट्या स्की लावलेल्या काठ्या, त्यांना आउटरिगर म्हणतात. सीट अंगाला घट्टच हवी, कारण खेळाडू वळतो ते धड झुकवून, आणि सीट सैल असली तर ते झुकणं स्कीपर्यंत पोचतच नाही. डाउनहिलमध्ये, म्हणजे उतारावरच्या वेगवान शर्यतीत, वेग ताशी 100 किलोमीटरच्या पुढे जातो. पण त्याच घट्टपणाने कातडीवर दाब येतो, आणि संवेदना नसल्याने जखम कळत नाही. पाय गारठले तरी कळत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, पडण्याची तेवढी नाही.

धडावर ताबा किती, यावरून बसून खेळणाऱ्यांचे एलडब्ल्यू 10 ते 12 असे वर्ग पडतात. प्रत्येकाच्या वेळेला वर्गाच्या गुणकाने गुणतात, म्हणून कमी ताबा असलेलाही जिंकू शकतो. भाच्याचा ताबा कमी असेल तर हे त्याला जरूर सांगा.

पैशांचं मात्र अवघड आहे. मोनोस्की काही लाखांच्या घरात जाते, सराव परदेशात, आणि 2022 पर्यंतच्या हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये भारताचा एकही खेळाडू नव्हता. घर चालेल असं करिअर म्हणून यावर विसंबू नका, शिक्षण चालूच ठेवा. गुलमर्गला नेण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा, आणि तिथे बसून स्की शिकवणारा प्रशिक्षक व साधन आहे का, याची फोनवर खात्री करून मगच तिकिटं काढा.

तोवर रोज रात्री आरसा धरून पाठ, नितंब, टाचा तपासायची सवय त्याला लावा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर भार देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा.