चित्राला कामाला लाव

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाष्पीभवन शिकवण्याआधी पावसाची कविता घेतलीस, वर्ग रंगला, आणि आठवड्याने चाचणीत निम्म्या मुलांना डबक्यातलं पाणी कुठे जातं तेही लिहिता आलं नाही. वरून ‘गाण्याबजावण्यात तास घालवता’ हे ऐकून घ्यावं लागलं. आता विचारतेस, हे सगळं सोडून देऊन सरळ शिकवू का?

मुळीच नाही. पण तुला बोलणाऱ्यांचं अगदीच चुकलं नाही, हेही मान्य कर. तुझी कविता धड्याच्या बाहेर उभी होती. ती गाळली असती तरी बाष्पीभवनाचं काही अडलं नसतं. माझी कसोटी एवढीच आहे: चित्र काढून घेतलं, कविता वगळली, तर धडा अडतो का? अडत नसेल तर ती सजावट. कलेला सजावटीला बसवू नकोस, कामाला लाव.

कामाला लावणं म्हणजे काय ते सांगते. 1609 साली इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचं रेखाटन केलं. प्रकाश आणि अंधार यांच्यामधली वेडीवाकडी रेघ त्याने काढली, पण ती वेडीवाकडी का, हे त्या चित्रातून उलगडत नाही. काही महिन्यांनी गॅलिलिओने तोच चंद्र पाहिला. तो चित्रकलेत तयार झालेला होता, छायाप्रकाशाने उंचसखलपणा कसा दाखवतात ते त्याला ठाऊक होतं. अंधाऱ्या भागात सुटे चमकणारे ठिपके दिसले, तेव्हा त्याने ओळखलं की ही पर्वतांची टोकं आहेत, पायथ्याशी अजून अंधार आहे आणि माथ्यावर ऊन पोचलंय. पुढच्या वर्षी त्याने हे छापलं, आणि त्यानंतर हॅरियटच्या चित्रांतही विवरं दिसू लागली. दुर्बीण दोघांकडे होती. सावली वाचायचा सराव एकाकडे होता.

हे मला उशिरा कळलं, आणि त्याची किंमत एका मुलीने मोजली. चंद्राच्या कलांचा धडा होता. तिने वहीत चंद्र काढला होता, प्रत्येक खळग्याच्या एकाच कडेला पेन्सिल घासून काळं केलेलं. मी म्हटलं, “हे काय बरबटवलंस? पुस्तकात आहे तसं स्वच्छ काढ.” तिने खोडलं. कागद खरवडला जाईपर्यंत खोडलं. उजेड कुठून येतोय ते त्या पोरीला समजलं होतं, आणि मी तिला तेच पुसायला लावलं. ते खरवडलेलं पान अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून तू ‘मला स्वतःला चित्र काढता येत नाही’ असं लिहिलंस तेव्हा राग आला. तुला कुणी काढायला सांगितलंय? मुलांना बघायला लाव. इतिहासाच्या तासाला ड्यूरर या जर्मन चित्रकाराचा 1515 सालचा गेंडा दाखव. त्याने गेंडा कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्याने केलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून काढला, म्हणून अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत आणि खांद्यावर एक जास्तीचं शिंग. तू काहीच सांगू नकोस. खऱ्या गेंड्याचा फोटो शेजारी ठेव आणि गप्प बस. ‘ह्याने बघितलं नसणार’ असं मूल आपणहून म्हणालं की ऐकीव पुरावा म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही. तुला गप्प बसवत नाही, तुझ्या पत्रावरूनच कळतं. शीक ते.

आणि पोर्शन. हो, एका वर्षी माझे दोन धडे राहिले होते. कानउघाडणी झाली, पालकही येऊन बोलून गेले. मी अजूनही म्हणते, ते राहिले म्हणून बिघडलं नाही. घाईघाईने उरकलेले धडे तसेही कुणाच्या लक्षात राहतात? कदाचित त्या दोन धड्यांवरचे मार्क कुणाचे गेलेही असतील, तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. तू मात्र धडे राहू देऊ नकोस. महिन्यातून एकच तास असा घे, पण त्यात कला राबली पाहिजे.

सोमवारी गणिताचा तास आहे ना तुझा? कवितेवर तुझा जीव आहे, तिलाच जुंप. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, एवढं मुलांना येतं. आता विचार, तीन मात्रा किती तऱ्हांनी भरता येतील? टाळ्या वाजवून शोधू दे: तिन्ही लघू, लघु-गुरू, गुरु-लघू. तीन. चार मात्रांना पाच तऱ्हा. फिबोनाची या इटालियन गणितज्ञाने 1202 मध्ये हे आकडे पुस्तकात मांडले, त्याच्या आधीच विरहांक आणि हेमचंद्र या आपल्या छंदशास्त्रकारांनी ते छंद मोजता मोजता ओळखले होते. पण हे तासाच्या अगदी शेवटी सांग, आधी नाही. मग पाच मात्रा दे. शेवटचं अक्षर लघू असेल तर मागे चार मात्रा उरतात, गुरू असेल तर तीन, आणि त्या दोन्हींच्या तऱ्हांची बेरीज करायची, हे कुणीतरी पकडेल. पाच मात्रांपाशी खडू खाली ठेव. आठ हा आकडा फळ्यावर तू लिहायचा नाहीस, त्यांनी ओरडून सांगेपर्यंत थांब. घंटा झाली तरी थांब.