यंत्राआधी वजनकाटा

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. जनावरांच्या दवाखान्यासाठी अल्ट्रासाउंड, रक्ताचं ॲनालायझर की डिजिटल एक्स-रे, आधी काय घ्यावं असं विचारलं आहेस. माझं उत्तर तुला फार साधं वाटेल. आधी चांगला वजनकाटा घे आणि सगळे केसपेपर संगणकावर आण.

समज, एक म्हातारं मांजर लसीसाठी आलं. वजन ४.१ किलो. एवढ्या आकड्यावरून काहीच कळत नाही. पण मागच्या वर्षीचे ४.६ किलो शेजारीच दिसले, तर ११ टक्के वजन गेलंय हे लगेच डोळ्यांत भरतं. मालकाला ते जाणवलेलं नसतं, कारण तो मांजराला रोज पाहतो. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात वजन निदानाच्या कितीतरी आधी उतरू लागतं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडासाठी रक्तात मोजतो तो नेहमीचा घटक, मात्र मूत्रपिंडाची जवळपास तीन-चतुर्थांश क्षमता गेल्यावरच ठळक वाढतं. शिवाय ते स्नायूंतून येतं, त्यामुळे मांजर खंगलं की आकडा उलट बरा दिसतो आणि आपण फसतो. अशा वेळी एसडीएमए (मूत्रपिंडाचीच दुसरी रक्ततपासणी, जिच्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही) आणि लघवीची घनता जोडून पाहायची. पण ती पाहावी हे तुला सुचणार कधी? जुनं वजन समोर असेल तेव्हाच. म्हणून नोंदीला मी यंत्रांच्या वर ठेवतो. तिची एक प्रत दवाखान्याबाहेर राहील अशी सोय पहिल्याच दिवशी कर, आणि महिन्यातून एकदा ती प्रत खरंच उघडते का ते पाहा.

ॲनालायझर घेशील तेव्हा सोबत सूक्ष्मदर्शक हवाच. ही गोष्ट मी चुकून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत यंत्राने एका मांजराच्या प्लेटलेट ४० हजार, म्हणजे फारच कमी दाखवल्या. मी घाबरलो, मालकाला घाबरवलं आणि ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली. रात्री स्लाइड केली तर तिच्या कडेला प्लेटलेटचे गठ्ठेच गठ्ठे. मांजराच्या प्लेटलेट सहज एकमेकींना चिकटतात, काही तर तांबड्या पेशींएवढ्या मोठ्या असतात, आणि यंत्र त्या प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. यंत्र बिघडलेलं नव्हतं, मी त्याला नको तेवढं मानलं होतं. तेव्हापासून प्लेटलेट कमी आल्या की स्लाइड पाहिल्याशिवाय मी मालकाशी बोलत नाही. तूही बोलू नकोस. मांजराच्या साखरेचंही असंच आहे. पिशवीत कोंडून आणलेल्या घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही चांगलीच चढते. एका आकड्यावर मधुमेह ठरवू नकोस, फ्रुक्टोसामीन कर, त्यात मागच्या काही आठवड्यांतली सरासरी साखर कळते.

तुझ्याकडे गाई-म्हशी जास्त येत असतील तर अल्ट्रासाउंडला पुढचा नंबर दे. गाय साधारण २८ ते ३० दिवसांची गाभण असली तरी त्यावर कळतं. हाताने तपासताना आणखी आठवडाभर तरी थांबावं लागतं, हात नवा असेल तर जास्तच. पण मला त्याचा खरा उपयोग वाटतो तो गाय रिकामी आहे हे लवकर कळण्यात. ती पुन्हा माजावर येईल तेव्हा लक्ष ठेवता येतं, एक फेरी वाया जात नाही. मात्र ३० दिवसांना गाभण सांगितलेली गाय ६० दिवसांच्या आसपास पुन्हा तपास. मधल्या काळात काही गर्भ जिरतात, आणि ते आधी सांगून ठेवलं नाहीस तर दोष तुझ्या तपासणीवर येतो. हाताची सवयही सोडू नकोस. बॅटरी संपते, गोठ्यात अंधार असतो, प्रोबची केबल तुटते.

भूल देत असशील तर आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो, कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र, घे. पल्स ऑक्सिमीटर सगळे लावतात, पण जनावर शुद्ध ऑक्सिजनवर असेल तर श्वास थांबल्यावरही काही काळ त्यावर आकडा छान दिसत राहतो. कॅप्नोग्राफची रेषा लगेच सपाट होते. ती मिनिटं फार मोलाची असतात. आणि मशीन कितीही चांगलं असो, एका माणसाचा हात नाडीवर असलाच पाहिजे.

डिजिटल एक्स-रेला घाई नाही. घेशील तेव्हा जनावर हाताने धरून फोटो काढायची सवय लावू नकोस. गुंगी दे, वाळूच्या पिशव्या वापर. प्रतिमा झटपट मिळते म्हणून एकाऐवजी चार काढल्या जातात, आणि किरणं अंगावर घेणारे तू आणि तुझे मदतनीस असता.

लसींच्या फ्रिजमध्ये तापमान नोंदवणारा छोटा लॉगर ठेव. २ ते ८ अंश एवढीच जागा आहे. गरम झालेल्या लसीची काळजी सगळे करतात, गोठलेल्या लसीची कोणी करत नाही. निष्क्रिय (मेलेल्या जंतूंची) लस गोठून पुन्हा वितळली तर वरून बरी दिसते, पण कामाची राहत नाही.

मालकांना मोबाइलवर चित्रफीत काढायला सांग. फेफरं, लंगडणं, खोकला, यातलं काहीच टेबलावर दिसत नाही, घरी दिसतं. यासाठी तुला काही विकत घ्यायचं नाही.

आता एक काम कर. गेल्या तीन महिन्यांतले जे रुग्ण तू दुसरीकडे पाठवलेस किंवा ज्यांचं निदान अर्धवट राहिलं, त्यांची यादी काढ. प्रत्येकापुढे लिही, नेमकं काय कळलं असतं तर उपचार बदलला असता. ती यादी मला पाठव, मग कोणतं यंत्र ते दोघं मिळून ठरवू.

तुझा,
जुना सहकारी