वाचक विचारतात : वाघ दिसला नाही म्हणजे बिघडलं का?

सुट्टीचे दिवस संपले की मुंबईच्या राणीच्या बागेबद्दल आणि एकूणच प्राणीसंग्रहालयांबद्दल पत्रं येतात. यंदा ती कोकणपट्टीतून जास्त आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : चाळीस वर्षांपूर्वी राणीच्या बागेत वाघ-सिंह गजांच्या पिंजऱ्यात हातभर अंतरावर दिसायचे. या मे महिन्यात मुलांना घेऊन गेलो, काचेपुढे अर्धा तास उभे राहिलो, वाघाचं शेपूटही दिसलं नाही. एवढा खर्च करून सोय कमीच झाली ना? – वाचक, पनवेल

उत्तर : तुमची निराशा समजते, पण वाघाला तुमच्यापासून लपता आलं हीच त्या बदलातली सगळ्यात मोठी सुधारणा आहे.

राणीची बाग 1862 सालची. त्या काळात आणि नंतर शंभर वर्षं पिंजरा बांधताना दोनच गोष्टी पाहिल्या जात : जनावर सतत दिसलं पाहिजे आणि जागा पाण्याच्या नळीने धुता आली पाहिजे. म्हणून पुढे गज आणि खाली सिमेंट. रोगराईच्या भीतीने हे धुण्याचं महत्त्व होतं, ते खोटं नव्हतं. पण सिमेंटवर वर्षानुवर्षं चालून पंजाच्या गाद्या सोलवटतात, कोपरांना घट्टे पडतात, आणि लपायला जागा नसलेलं जनावर एकाच रेषेत येरझारा घालू लागतं. पिंजऱ्यातला वाघ त्याच जागी, त्याच पावलावर वळतो, जमिनीवर त्याची वाट उमटते. लोकांना वाटतं तो ऐटीत फिरतोय. ते ताणाचं लक्षण आहे.

हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेकने 1907 मध्ये गजांऐवजी खंदक वापरून संग्रहालय उघडलं. आपल्याकडे दिल्लीचं प्राणीसंग्रहालय 1959 मध्ये सुरू झालं ते याच धर्तीवर. कायद्याचा धाक मात्र उशिरा आला. वन्यजीव कायद्यात 1991 ला दुरुस्ती झाली, 1992 मध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण आलं, आणि 2009 च्या नियमांत मापंच ठरली. वाघाच्या जोडीला उघड्यावर किमान 1000 चौरस मीटर, बिबट्याच्या जोडीला 500. शिवाय प्रत्येक वाघाला स्वतंत्र खाण्याची खोली, किमान 2.75 मीटर लांब, 1.80 रुंद, 3 मीटर उंच.

ही मागची खोली प्रेक्षकाला दिसत नाही, पण संग्रहालय चांगलं की वाईट हे तिथेच ठरतं. वाघ रात्री तिथे येतो, तिथे खातो, तिथेच त्याची तपासणी होते. सरकतं दार कीपर बाहेरूनच दांड्याने हलवतो. कीपरच्या वाटेला दोन दारं असतात, पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. साफसफाईला आत जाण्याआधी जनावरं मोजायची, मगच कुलूप काढायचं. एका बाजूची भिंत आत सरकणारा दाबपिंजरा असेल तर इंजेक्शन दोन मिनिटांत होतं. नसेल तर भुलीचा बाण मारावा लागतो आणि म्हाताऱ्या जनावराला ती भूल झेपेलच असं नसतं.

पुन्हा जाल तेव्हा सकाळी बाग उघडताच जा. त्या वेळी वाघ नुकताच बाहेर सोडलेला असतो, हद्दीवर वास घेत फिरतो. भर दुपारी तो सावलीत झोपणार. बुधवारी बाग बंद असते. आणि काच ठोकू नका. आतल्या बाजूला तो आवाज फार मोठा जातो.

प्रश्न : माझं लोखंडी कामाचं वर्कशॉप आहे. वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रासाठी जाळी आणि दारांचं काम येऊ शकतं. जागा समुद्रापासून दोन किलोमीटरवर. खाऱ्या हवेत काय टिकेल? पावसाचं काय करायचं? – वाचक, रत्नागिरी

उत्तर : आराखडा आणि मापं प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे केंद्राकडूनच लेखी घ्या. आम्ही लिहितोय ते खारा वारा आणि पावसापुरतं.

सगळं कापणं, भोकं पाडणं, वेल्डिंग आधी करा आणि तयार चौकटच गरम जस्तात बुडवून आणा. आधी जस्त चढवलेला पाइप आणून नंतर वेल्ड केलात तर जोडाभोवतीचं जस्त जळून जातं आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंजाचे ओघळ उतरतात. नाइलाजाने जागेवर वेल्ड करावंच लागलं तर तारेच्या ब्रशने चकचकीत घासून जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्या. पोकळ पाइपला दोन्ही टोकांना भोकं हवीतच, नाहीतर जस्ताच्या टाकीत आतल्या हवेचा आणि ओलाव्याचा दाब वाढून पाइप फुटतो. नंतर तेच खालचं भोक पावसाचं पाणी बाहेर काढतं, म्हणून ते बुजवू नका. प्लास्टिक चढवलेली जाळी दिसायला छान, पण तारेच्या कापलेल्या टोकातून पाणी आत शिरतं आणि प्लास्टिकखाली गंज दिसतच नाही. बिबट्याच्या कामाला ती नको.

खांब गंजतो तो जमिनीलगतच्या वीतभर भागात. काँक्रीटचा कठडा जमिनीपासून 15 सेंटीमीटर वर आणा आणि त्याला चहूबाजूंनी उतार द्या. खांबाभोवती पाण्याची वाटी तयार झाली की जस्त कितीही असो, खांब गेला. दरवर्षी आगोटीच्या कामांत प्रत्येक खांब बुडाशी हातोडीने ठोकून पाहा, भद्द आवाज आला की पेचकस टोचा.

सरकत्या दाराची चाकं खाली नको. खालच्या पन्हळीत केस, माती, हाडांचे तुकडे साचतात आणि दार नेमकं जनावर आत घ्यायच्या वेळी अडतं. दार वरून टांगा, खाली फक्त वाट दाखवणारी खुंटी ठेवा. कुलपं पितळी घ्या, महिन्याला ग्रीस करा.

आता पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर. 200 मिलिमीटरच्या दिवशी 1000 चौरस मीटरच्या आवारात दोन लाख लिटर पाणी पडतं. वरच्या डोंगराचं पाणी वेगळं. केंद्रवाले पाण्याने भरलेला खंदक करायला निघाले असतील तर हा हिशेब त्यांच्यापुढे मांडा : निचऱ्याच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला की पाणी चढतं, भिंतीची उरलेली उंची कमी होते आणि वाघ तर उत्तम पोहतो. कोकणात कोरडा खंदक बरा. निचऱ्याच्या जाळ्या दोन असाव्यात, एक अडकली तर दुसरी चालू राहील. त्या आवाराबाहेरून साफ करता आल्या पाहिजेत. भर पावसात कुणाला आत उतरावं लागेल अशी रचना नको.

बिबट्याला नुसती उंच जाळी पुरत नाही, तो चढतो. वरूनही जाळी लागते. वाघाच्या साधारण 5 मीटर जाळीला आतल्या बाजूने कलता माथा ठेवतात. शिवाय आतला बिबट्या बाहेर जाऊ नये याची काळजी सगळे घेतात. आपल्याकडे बाहेरचा बिबट्या हरणांच्या आवारात उतरेल याचीही घ्यावी लागते. कुंपणावर आलेली फणसा-आंब्याची फांदी त्याला शिडीसारखी. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगडात किती झाडं आडवी झाली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. कुंपणापासून झाडाच्या उंचीएवढं अंतर मोकळं ठेवता आलं तर उत्तम, नाहीतर मृगाआधी छाटणी.

हरणांच्या जागेत जांभ्याचा एक उंच, कोरडा ओटा कराच. चार महिने चिखलात उभं राहून खुरांमध्ये सड होते.

प्रश्न : मुंबईच्या घामट हवेत बर्फातले पेंग्विन ठेवणं क्रूरपणा नाही का? – वाचक, अलिबाग

उत्तर : राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन बर्फातले नाहीत. ते पेरू आणि चिली यांच्या किनाऱ्यावरचे, थंड सागरी प्रवाहाच्या काठी खडकांच्या कपारीत राहणारे. म्हणून त्यांना साधारण 16 ते 18 अंश तापमान पुरतं. दक्षिण कोरियातल्या सोलहून जुलै 2016 मध्ये आठ पक्षी आले, त्याच ऑक्टोबरमध्ये एक दगावला, आणि मार्च 2017 पासून लोकांना ते पाहता येऊ लागले.

खरी अडचण थंडीपेक्षा आपल्या दमट हवेची आहे. दमट, कोंदट जागेत बुरशीचे कण वाढतात आणि पेंग्विनच्या फुप्फुसांना ती बुरशी लवकर धरते. लक्षणं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून हवा गार करून भागत नाही, ती गाळावी आणि कोरडी करावी लागते, आणि गाळण्या वेळच्या वेळी बदलाव्या लागतात. पावसाळ्यात प्रेक्षकांच्या बाजूने काचेवर पाणी सुटलेलं दिसलं तर ती गळती नव्हे. बाहेरची ओली हवा गार काचेला लागून घाम धरते.

मासळीचंही एक शास्त्र आहे. गोठवलेली मासळी फ्रीजमध्येच सावकाश मऊ करायची, कोमट पाण्यात टाकायची नाही. साठवलेल्या मासळीतलं बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून दर किलो मासळीमागे 25 ते 30 मिलिग्रॅम बी-1 वेगळं देतात, बहुधा माशाच्या कल्ल्यात गोळी सरकवून. पायाखाली नुसती गुळगुळीत फरशी असेल तर तळव्याला गाठी होतात, तिथे गोटे लागतात. आणि वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम गळतात तेव्हा पक्षी दोन-तीन आठवडे पाण्यात उतरत नाही, खातही नाही. मरगळलेला पेंग्विन पाहून लगेच तक्रार लिहू नका, आधी तिथे विचारा.

क्रूरपणा का, याचं आमचं उत्तर असं : यंत्रणा आणि जनित्र दोन्ही चोख असतील तर नाही. वीज गेली आणि पर्यायी सोय नसेल तर काही तासांत होईल.

प्रश्न : हत्ती कुठे गेले? – वाचक, महाड

उत्तर : केंद्रीय प्राधिकरणाने 2009 मध्ये ठरवलं की संग्रहालयांत हत्ती ठेवायचे नाहीत, त्यांना वनविभागाच्या छावण्यांसारख्या मोकळ्या जागी न्यायचं. कठीण जमिनीवर साखळीने उभं राहून तळवे फुटतात, नखं चिरतात, सांधे जातात, आणि एवढ्या वजनाच्या जनावराचा पाय गेला की सगळंच गेलं. जिथे आधीपासून हत्ती होते तिथले सगळे काही लगेच हलले नाहीत. मुंबईत मुलांना हत्ती दाखवायचाच असेल तर भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारचा दगडी हत्ती दाखवा. तो घारापुरीचा आहे, तिच्या ‘एलिफंटा’ या नावाचं कारण.

प्रश्न : आमच्या रिसॉर्टवर मुलांसाठी चार चितळ, मोर आणि माकडं ठेवायची आहेत. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला पुरेल का? – वाचक, गुहागर

उत्तर : नाही. चितळ, मोर आणि माकडांच्या बऱ्याच जाती वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, आणि केंद्रीय प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय संग्रहालय उभारता येत नाही, मान्यतेशिवाय चालवता येत नाही. आकार लहान असला तरी हेच. कुणी ‘पाळीव चितळ’ विकायला आला तर व्यवहार करू नका, वनखात्याला कळवा. मकाव, आफ्रिकन ग्रे यांसारख्या विदेशी पोपटांचीही आता नोंदणी करावी लागते.

शेळ्या, बदकं, गावठी कोंबड्या, एखादी दुभती गाय ठेवा. शेळ्यांनाही उंच कोरडा गोठा, दोन बाजूंनी हवा, आणि मुलं दमली नाहीत तरी शेळ्यांना मागे जाऊन बसता येईल असा एक आडोसा द्या. हातात फक्त हिरवा पाला द्यायचा असा फलक लावा. वेफर्स आणि पाव खाऊन शेळीचं पोट फुगतं आणि ती संध्याकाळपर्यंत मरू शकते.