आधी ते कुलूप काढा

प्रश्न: माझ्या सतरा वर्षांच्या मुलीला इंजिनिअरिंगला जायचंय. प्रवेश अर्जात 'हे क्षेत्र का निवडावंसं वाटलं?' असं विचारलंय. आठवडा झाला, कागद कोराच आहे. मी थोरामोठ्यांची चरित्रं आणून दिली, रॉकेट सुटतानाचे व्हिडिओ दाखवले. ती जांभया देते. प्रेरणाच नसेल तर पुढची वर्षं कशी निभतील? तिला स्फूर्ती येईल असं काही सुचवा. (मध्यंतरी तिने घरातला पंखा खोलून ठेवला, तेव्हापासून हत्यारांची पेटी मी कुलपात ठेवलीय. पंखा आता पूर्वीपेक्षा जोरात फिरतो, तो भाग वेगळा.)
– चिंतेत पडलेली आई

उत्तर: ताई, तो भाग वेगळा कसा? पत्रात कामाचं तेवढंच आहे आणि तेच तुम्ही कंसात कोंबलंत.

पंखा मंदावला की माणसं रेग्युलेटर फिरवत बसतात, मग सवय करून घेतात. तुमच्या लेकीने सवय करून घेतली नाही. बहुधा कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा पंख्यातला छोटा भाग, उतरला असणार. तो कमजोर झाला की मोटरला जोर मिळत नाही. पण हे तिने कसं ओळखलं? नवा किती मायक्रोफॅरडचा (हे त्याचं माप) घ्यायचा, हे कुठे वाचलं? विचारलंत कधी? नाही. तुम्ही कुलूप आणलंत!

रॉकेट बघून इंजिनिअर झालेलेही आहेत, नाही म्हणत नाही. पण मार्गारेट नाइट नावाची एक अमेरिकन मुलगी होती, १८३८ सालचा जन्म. तिला बाहुल्या नको असायच्या. चाकू, गिरमिट आणि लाकडाचे तुकडे द्या, की स्वारी खूश. भावांना पतंग करून द्यायची. मोठेपणी तिने सपाट बुडाच्या कागदी पिशव्या बनवणारं यंत्र तयार केलं. एकाने ते बघून स्वतःच्या नावावर पेटंट मागितलं, तर ही आपली रेखाटनं आणि साक्षीदार घेऊन भांडली आणि १८७१ मध्ये पेटंट मिळवलं. लहानपणी तिचं गिरमिट कुणी कपाटात घातलं नाही, हे आपलं नशीब.

तेव्हा आज संध्याकाळी पेटी उघडा आणि किल्ली तिच्या हातात द्या. भाषण नको. अट मात्र घाला, आणि ती कडक: विजेच्या वस्तूला हात लावण्याआधी मेन स्विच बंद, मग टेस्टरने खात्री. वीज तोडल्यावरही कंडेन्सरमध्ये विजेचा भार उरतो. तो कसा उतरवायचा हे तिने एखाद्या वायरमनच्या शेजारी उभं राहून शिकावं. शिकेपर्यंत घरातल्या मोटारी खोलायच्या नाहीत.

मग विचारा, पंख्याला नेमकं झालं काय होतं? आणि ऐका. अर्धं कळणार नाही, चालेल. मध्येच 'पण अर्जाचं काय?' करू नका. ती जे सांगेल तेच तिने अर्जात लिहायचंय. पंख्याबद्दल लिहिलं तर अर्ज हलका दिसेल, असं तुमच्या ओठांवर येईल. ते तिच्यासमोर बोलू नका.